खेड्यातल्या शाळेत जागतिक नागरिकत्व कसं शिकवावं?

तुम्ही विचारलंय की परदेशी शाळेशी ओळख नाही, नेट धड चालत नाही, मग आठवी-नववीच्या मुलांना जागतिक नागरिकत्व, म्हणजे दूरच्या देशातल्या माणसांचाही विचार करून वागणं, शिकवायचं कसं. मी निफाड तालुक्यात इतिहास-भूगोल शिकवते. माझ्या मते मुलांच्या घरून जी वस्तू जगात जाते, तिचा माग काढा. आमच्याकडे तो कांदा.

29 सप्टेंबर 2019 ला केंद्राने कांद्याची निर्यात बंद केली. आमच्या मुलांना ही गोष्ट एकाच बाजूने माहीत असते: लासलगावला भाव पडले, बाबा चिडले. मी नकाशावर ढाका दाखवते. तिथे त्या नोव्हेंबरात कांदा किलोला 200 टाकांच्या वर गेला, सरकारने विमानाने कांदा मागवला. बांगलादेशच्या तेव्हाच्या पंतप्रधान शेख हसीना त्याच ऑक्टोबरात दिल्लीत आल्या तेव्हा भर सभेत म्हणाल्या, मी स्वयंपाक्याला कांद्याशिवाय जेवण करायला सांगितलंय. मुलं हसतात, पण लगेच प्रश्न सुरू होतात.

मग चार गट: इथला शेतकरी, दिल्लीतलं गिऱ्हाईक, ढाक्यातली गृहिणी, निर्णय घेणारा अधिकारी. ज्याच्या घरी कांद्याची चाळ, म्हणजे कांदा साठवायची शेड, आहे त्याला शेतकऱ्याच्या गटात बसवायचं नाही. आणि आपली बाजू मांडण्याआधी समोरच्याची बाजू अशी सांगायची की त्याने म्हणावं, "हो, हेच म्हणायचंय आम्हाला." यातच खरा वेळ जातो आणि जाऊ द्यावा. एकदा ढाक्याच्या गटातल्या मुलीने विचारलं, "मॅडम, बांगलादेशातही कांदा पिकत असेल ना? त्या शेतकऱ्याला तर आपली बंदी फायद्याचीच वाटली असेल." पिकतो, पाबना आणि फरीदपूर भागात, आणि आपला माल उतरला की तिथल्या शेतकऱ्याचेही भाव पडतात. म्हणजे 'ते' सगळे एकसारखे नाहीत. हे तिने स्वतः शोधलं, मी सांगून इतकं पटलं नसतं.

संयुक्त राष्ट्र दिनाला झेंडे आणि वेशभूषा करायला माझी हरकत नाही, पण त्यातून हे येत नाही. ओईसीडी या मुख्यतः श्रीमंत देशांच्या संघटनेने 2018 च्या पिसा या पंधरा वर्षांच्या मुलांच्या आंतरराष्ट्रीय चाचणीत जागतिक क्षमतेची जी चौकट ठरवली, तिच्यात प्रश्न तपासणं, दुसऱ्याची नजर समजणं आणि वेगळ्या लोकांशी नीट बोलणं यांच्यासोबत सर्वांच्या भल्यासाठी कृती करणंही आहे. शाळा ते हमखास विसरतात. आमच्याकडे कांदा काढायला सुरगाणा-पेठहून मजूर येतात, त्यांची मुलं बांधावर बसून असतात. वर्गाने त्यांची यादी करून मुख्याध्यापकांना दिली, त्यातली काही शाळेत येऊ लागली. जगाचा विचार करायला शिकलेल्या मुलांना आधी शेजारचं शेत दिसलं, याचा मला फार आनंद झाला.

वरून विचारणा झाली तर राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 दाखवा, त्यात जागतिक नागरिकत्वाच्या शिक्षणाचा उल्लेख आहे. पालक मात्र विचारतील, "आपलं नुकसान झालं आणि तुम्ही बांगलादेशचं काय शिकवता?" त्यांना वर्गातच बोलवा. लिलावात भाव कसा ठरतो हे त्यांच्याइतकं नीट तुम्हा-आम्हाला सांगता येणार नाही, आणि मुलांचे प्रश्न ऐकले की बहुतेकांचा विरोध मावळतो. तुमच्याकडे केळी, कापूस किंवा हापूस असेल तर तिथून सुरुवात करा.