आधी भिंतीतला प्लग, मग शोरूम

गेल्या अंकात मी सहज लिहून गेलो, की माझी विजेवरची गाडी ७१ हजार किलोमीटर चालली आणि अजून कुरकुरत नाही. त्या एका वाक्यावर पत्रांचा ढीग आला. आयटीआयमध्ये वायरमनच्या पोरांना मी २९ वर्षं शिकवलं, पण वर्गात इतके प्रश्न मला कुणी विचारले नव्हते. सारखी पत्रं एकत्र केली आहेत, नावं गाळली आहेत.

"शाळा पणजीला, रोज जाऊन-येऊन ६० किलोमीटर. छोट्या पेट्रोल गाड्या स्वस्त झाल्या म्हणून आमचे हे म्हणतात पेट्रोलचीच घेऊ. भाऊ म्हणतो दोन वर्षं थांब, बॅटऱ्या स्वस्त होतायत. शिवाय माझं माहेर बेळगावचं; चोर्ला घाटात गाडी अडकली तर?"
*एक शिक्षिका, डिचोली*

ताई, तुमच्या यजमानांचं अगदीच काही चुकत नाही. २२ सप्टेंबर २०२५पासून चार मीटरच्या आतल्या, १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाडीचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८वर आला. विजेच्या गाडीला तो ऑगस्ट २०१९पासून ५ टक्केच आहे, त्यामुळे तिच्या पदरात नवं काही पडलं नाही. शोरूममधलं दोघींतलं अंतर वाढलं, हे खरं.

पण गाडीचे पैसे एकदा द्यायचे असतात आणि पेट्रोलचे दर आठवड्याला. शाळेचे २२ दिवस धरले तर तुमचे महिन्याला साधारण १३०० किलोमीटर होतात. पेट्रोल गाडी लिटरला १५ देते असं समजू (पणजीतल्या रांगेत देत नाही, पण समजू). लिटर ९७ रुपयांचं धरलं तर ८,४०० रुपये झाले. विजेची छोटी गाडी एका युनिटला ७ किलोमीटर जाते. चार्जिंगमध्ये दहाएक टक्के वाया जातात, ते धरून सुमारे २०५ युनिटं लागतील. एवढी युनिटं वाढली की तुमचं घरचं बिल वरच्या टप्प्यात जाणार, म्हणून मी युनिटला सगळं मिळून ५ रुपये धरतो. म्हणजे हजार-अकराशे. महिन्याला सात हजारांच्या वर उरले. गाडी साडेतीन लाखांनी महाग पडली तरी चार-सव्वाचार वर्षांत फिटते.

आता माझ्या बहिणीचं उदाहरण घ्या. ती फोंड्याला असते. गाडी बाजाराला आणि सोमवारी मंगेशीला, महिन्याला फार तर २५० किलोमीटर. तिचे वाचतील जेमतेम चौदाशे. साडेतीन लाख फिटायला वीस वर्षं लागतील, तोवर गाडीही राहणार नाही. तिला मीच सांगितलं, पेट्रोलची घे. ती अजून माझ्यावर रागावलेली आहे, कारण तिला शेजारणीसारखी हिरवी नंबरप्लेट हवी होती.

भावाचा मुद्दा मात्र नीट मोजण्यासारखा आहे. २०१०मध्ये बॅटरी पॅकची जागतिक सरासरी किंमत युनिटमागे ११०० डॉलरच्या वर होती, २०२४मध्ये ती ११५ डॉलरवर आली. ही घसरण पाहून कुणालाही थांबावंसं वाटेल. पण ३० युनिट साठवणाऱ्या बॅटरीची त्या दराने आजची किंमत होते तीन लाखांच्या आसपास. ती आणखी २० टक्के उतरली, आणि कंपनीने सगळीच्या सगळी उतरण तुम्हाला दिली असं मानलं, तरी तुमचे साठ हजार वाचतील. दोन वर्षं थांबून पेट्रोलमध्ये जास्तीचे जातील पावणेदोन लाख. मोठी घसरण होऊन गेलेली आहे, भावाला सांगा. घन इलेक्ट्रोलाइटच्या (आत द्रवाऐवजी घन पदार्थ असलेल्या) ज्या बॅटरीची बातमी त्याने वाचली असेल, ती आधी महागड्या गाड्यांत येईल. तुमच्या-माझ्या गाडीत उतरायला तिला वेळ लागणार.

चोर्ल्याचं गणित शाळेतलंच आहे. माणसांसकट दीड टनाची गाडी आठशे मीटर वर न्यायला सव्वातीन युनिटं लागतात, मोटरमधला नाश धरून चार म्हणू. म्हणजे सपाटीवरचे २८ किलोमीटर घाटाने खाल्ले. चढताना पडद्यावरचा आकडा भराभर घसरतो आणि माणूस घाबरतो. परतीच्या उतारावर मोटर उलटी जनरेटरसारखी चालते आणि त्यातलं निम्म्याहून जास्त बॅटरीत परत येतं. डिचोलीहून रात्रभर भरून निघालात तर बेळगावला पोचाल. माहेरी १५ अँपिअरचा प्लग आणि नीट अर्थिंग आहे का, तेवढं भावाकडून तपासून घ्या. त्यालाही काम हवं.

"फेब्रुवारीत गाडी घेतली. एप्रिलपर्यंत छान चार्ज होत होती. मेमध्ये चार्जरवर लाल दिवा, गाडी वीजच घेईना. शोरूमवाले म्हणतात चार्जर बदला."
*एक निवृत्त गृहस्थ, कुंकळ्ये*

थांबा. खिशात हात घालू नका.

हेच माझ्या घरी २०२२च्या मेमध्ये झालं. मीही चार्जरलाच दोष दिला, शोरूमला फोन करून चार शब्द जास्तच सुनावले. मग रात्री जेवण झाल्यावर कुणी बघत नाही असं पाहून मल्टिमीटर काढला आणि प्लगमधल्या न्यूट्रल आणि अर्थ या दोन तारांमधला व्होल्टेज मोजला. तो दोन-तीन व्होल्टच्या आत हवा. माझ्याकडे २४ आला. ज्याने २९ वर्षं फळ्यावर अर्थिंगचा खड्डा काढून दाखवला, त्याच्याच घरचा खड्डा कोरडा ठणठणीत! आपल्याकडची जमीन जांभ्याची. पावसात ओली असते तोवर ठीक, पण उन्हाळ्यात जांभा वाळला की त्यातून वीज जमिनीत उतरत नाही. फ्रीज, पंखे तक्रार करत नाहीत, ते चालत राहतात. गाडीचा चार्जर मात्र चोखंदळ असतो. अर्थ नीट मिळाला नाही तर तो वीज घेत नाही, आणि ते योग्यच आहे, कारण ओल्या पायांनी गाडीच्या पत्र्याला हात लावणारे आपणच असतो.

खड्ड्यात दोन बादल्या पाणी ओता, तासाभराने पुन्हा लावून बघा. चालला तर चार्जर चांगला आहे. मग वायरमन बोलावून नवा अर्थ पाइप खोलवर घालून घ्या, कोळसा-मिठासकट, आणि तो खड्डा न्हाणीघराच्या किंवा पोफळीच्या कुळागराच्या पाण्याच्या वाटेवर ठेवा. गाडीसाठी डीबीपासून (घरच्या मुख्य वीजफलकापासून) वेगळी लाइन हवी: ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची तार, भार जास्त झाला की पडणारा २० अँपिअरचा एमसीबी, आणि वीज गळली की तोडणारा ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी. मिक्सरच्या प्लगवरून एक्स्टेन्शन ओढून गाडी चार्ज करणारे महाभाग मी पाहिलेत. रात्री प्लगला हात लावून बघा म्हणावं, किती तापतो.

माझी सौ. आता उन्हाळ्यात पोफळींना शिंपण करताना एक बादली अर्थिंगला घालते आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला त्याचं कारणही सांगते. सविस्तर.

"साखळीत वाळवंटी नदीचं पाणी बाजारात येतं. विजेची गाडी पाण्यात चालवली तर शॉक बसेल का?"

शॉक बसत नाही. गडबड वाटली की बॅटरीचे कॉन्टॅक्टर, म्हणजे तिला गाडीशी जोडणारे स्विच, आपोआप सुटतात. बॅटरीवर आयपी६७ लिहिलेलं असतं, म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास. पण ती चाचणी स्थिर, स्वच्छ पाण्यातली आहे. पुराच्या धारेत गाडी घालू नका, कुठलीच. खारं पाणी त्याहून वाईट. २०२२मध्ये इयन वादळानंतर फ्लोरिडात समुद्राच्या पाण्यात बुडालेल्या काही विजेच्या गाड्यांनी पाणी ओसरल्यावर पेट घेतला, कारण मीठ आत राहून शॉर्ट होत गेलं. खाडीच्या भरतीत गाडी बुडालीच, तर घरापासून लांब उघड्यावर उभी करा आणि सुरू न करता टो करून न्या. आणि जूनमध्ये गडगडायला लागलं की चार्जिंगची पिन काढा, टीव्हीची काढता तशी.

"पर्वरीला फ्लॅट आहे, सोसायटी प्लग लावू देत नाही."

केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाच्या मार्गदर्शक सूचनांत घरच्या चालू जोडणीवरून गाडी चार्ज करायला मुभा आहे. त्याची प्रत सेक्रेटरींना द्या, तुमच्याच मीटरवरून तार आणायची तयारी दाखवा. तरीही नाही म्हणाले तर गाडी घेऊ नका. कारण पुढच्या उत्तरात आहे.

"मास्तर, मोपा विमानतळावर टॅक्सी चालवतो. रोज दीडशे-दोनशे किलोमीटर, कधी थेट काणकोण. नवीन पर्यटक गाड्या विजेच्याच असणार असं मुख्यमंत्री २०२३मध्ये बोलले होते. कर्ज काढून विजेची घेऊ? कितें करूं?"
*एक टॅक्सीवाले, पेडणे*

जुलै २०२३मधली ती घोषणा जानेवारी २०२४पासूनच्या नव्या पर्यटक गाड्यांबद्दल होती. घोषणेवर बँकेचा हप्ता जात नाही, म्हणून ती बाजूला ठेवू.

तुमचे महिन्याला ४,५०० किलोमीटर धरतो. एसी दिवसभर चालू, त्यामुळे युनिटला ६ किलोमीटरच मोजा. पेट्रोलला २९ हजार लागतील. घरी रात्री चार्ज केलीत तर चार हजारांच्या थोडं वर. पण रस्त्यावरच्या फास्ट चार्जरवर युनिटला २० रुपये आणि वर १८ टक्के जीएसटी धरला, तर साडेसतरा हजारांच्या वर. गाडी तीच, रस्ता तोच. घरच्या आणि बाहेरच्या चार्जिंगमध्ये महिन्याला तेरा हजारांचा फरक, म्हणजे कर्जाचा बराचसा हप्ता.

तेव्हा आधी घर बघा. तुम्हाला ४५ युनिटच्या आसपासची बॅटरी लागेल. ३० युनिटवाली काणकोणला पोचवेल, पण परत येताना तुम्ही रस्त्याकडे न बघता टक्क्यांकडे बघाल. ४५ युनिटं १५ अँपिअरच्या प्लगवर भरायला पंधरा तास लागतात, आणि तुम्ही पंधरा तास झोपत नाही. म्हणजे ७.२ किलोवॅटचा वॉलबॉक्स, भिंतीवर बसवायचा मोठा चार्जर, हवा आणि त्यासाठी मीटरचा मंजूर भार वाढवून घ्यायला हवा. हा अर्ज गाडी बुक करण्याआधी करा. रांगेत थांबून एसी चालू ठेवलात तर तासाला एक युनिट जातं, म्हणजे दोन तासांच्या वाट बघण्यात १२ किलोमीटर.

आणखी एक. बॅटरीची वॉरंटी साधारण ८ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटर, जे आधी होईल ते. तुमचे १ लाख ६० हजार तीन वर्षांतच होतील, आणि कर्ज पाच वर्षांचं. शिवाय टॅक्सीला वॉरंटीच्या अटी वेगळ्या असू शकतात. तो कागद सेल्समनच्या तोंडून ऐकू नका, स्वतः वाचा. बॅटरी एलएफपीची (लिथियम-लोह-फॉस्फेटची) घ्या. त्यात निकेल-कोबाल्ट नसतं, वजनाच्या मानाने वीज थोडी कमी साठते, पण उष्णता आणि रोजचं भरणं-उपसणं ती जास्त सोसते. एलएफपी आठवड्यातून एकदा तरी पूर्ण १०० टक्के भरावी लागते. तिचं व्होल्टेज सिलिंडरच्या ज्योतीसारखं असतं, संपेपर्यंत सारखंच. मधे किती उरलंय ते गाडीलाच नीट कळत नाही. पूर्ण भरली की तिचा हिशेब जाग्यावर येतो.

घरी वॉलबॉक्स बसत असेल तर घ्या. बसत नसेल तर अजून नको.

"आजोबांना तुमचं सदर वाचून दाखवते. गोव्याची वीज कोळशाचीच ना? मग विजेची गाडी स्वच्छ कशी?"
*बारावीची विद्यार्थिनी, वाळपई*

मुली, हा सगळ्यांत चांगला प्रश्न, आणि तो मला एकाही सेल्समनने विचारला नाही.

आपली बरीच वीज छत्तीसगडमधल्या कोरब्याहून आणि मध्य प्रदेशातल्या विंध्याचलहून तारांवरून येते, आणि तिथे कोळसा जळतो. देशाच्या ग्रिडवर सरासरी एका युनिटमागे सातशे ग्रॅमच्या थोडा वर कार्बन डायऑक्साइड निघतो. युनिटला ७ किलोमीटर आणि चार्जिंगचा नाश धरला की किलोमीटरला साधारण ११० ते १२० ग्रॅम. पेट्रोलच्या लिटरमागे २.३ किलो, म्हणजे १५च्या मायलेजला दीडशेच्या वर. फरक आहे, पण जाहिरातीतल्या हिरव्या पानांएवढा नाही. वर बॅटरी बनवतानाच बराच धूर होऊन गेलेला असतो, ते कर्ज चालवून चालवूनच फिटतं. डिचोलीच्या बाईंचं फिटेल. माझ्या बहिणीचं फिटणार नाही.

छपरावर सूर्य असेल तर गणित बदलतं. आपल्याकडे एक किलोवॅटची पॅनलं वर्षाच्या सरासरीने दिवसाला चारएक युनिटं देतात. दोन किलोवॅटमध्ये पन्नासेक किलोमीटर निघतात. जून ते ऑगस्ट ती बरीच कमी देतात. आणि दिवसा ऊन असतं तेव्हा गाडी ऑफिसबाहेर उभी असते, म्हणून दिवसाची वीज ग्रिडला देऊन रात्री परत घ्यायची, त्याला नेट मीटरिंग म्हणतात. तुमच्या घराचं छप्पर मंगळुरी कौलांचं आहे की स्लॅबचं, आणि उतार दक्षिणेला आहे का, ते आजोबांना विचारून कळव. पुढच्या अंकात तुमच्या छपराचा हिशेब करू.