शेंड्याची पानं का गळली नाहीत? पेशींच्या निरोपांविषयी वाचकांचे प्रश्न

प्रश्न : हस्त बहारासाठी (सप्टेंबर-ऑक्टोबरात धरायचा फुलोरा) डाळिंबावर पानगळीचं औषध इथ्रेल मारलं, लिटरला 2 मिली. शेजारच्या बागेत त्याच डोसला आठवडाभरात पानगळ झाली. माझ्याकडे खालची पानं पडली, शेंड्याची तशीच आहेत. द्रावण सकाळीच बोअरच्या पाण्यात केलं होतं, निम्मी बाग दुपारनंतर उरकली. पुन्हा फवारू का?
– एक बागायतदार, सांगोला

उत्तर : नका फवारू. इथ्रेल पान जाळत नाही. त्यातलं ईथेफॉन पानात शिरून फुटतं आणि इथिलीन वायू सुटतो. हा वायू झाडाच्या पेशी स्वतःही तयार करतात आणि शेजारच्या पेशींना तो निरोप म्हणून पोचतो. तो ओळखणारे रिसेप्टर पेशीच्या आतल्या पटलावर, तांब्याचा अणू धरून बसलेले असतात. इथिलीन नसतं तोवर रिसेप्टर चालू राहून पुढची सगळी कामं दाबून धरतो. इथिलीन चिकटलं की तो बंद पडतो आणि दाब सुटतो. मग देठाच्या बुडाशी असलेल्या पातळ थरातल्या पेशी सेल्युलेज, पेक्टिनेज अशी विकरं सोडतात. दोन पेशींना जोडणारं पेक्टिन विरघळतं, आणि वाऱ्याच्या झुळकेनेही पान पडतं.

पण त्याच थरापर्यंत पानाकडून ऑक्सिन हे वाढीचं संप्रेरकही येत असतं, आणि ते येत राहील तोवर तिथल्या पेशी इथिलीनला दाद देत नाहीत. जुन्या पानात ऑक्सिन कमी, कोवळ्यात भरपूर. तुमच्या शेंड्यांना पालवी होती, म्हणजे ताण (बहारापूर्वी पाणी तोडून झाडाची वाढ थांबवणं) पुरता बसला नव्हता. हलक्या माळरानावर साधारण महिन्यात ताण बसतो, काळ्या जमिनीत दीड महिनाही लागतो. मध्येच पाऊस झाला तर हिशेब पुन्हा पहिल्यापासून. तारखेपेक्षा झाडाकडे पाहा : पानं पिवळी पडून निम्मी आपोआप गळली असतील, तर 1 ते 1.5 मिलीवरही काम होतं.

पाण्याचा दोष आहे, पण दुय्यम. ईथेफॉन आम्लात टिकतं. आपल्याकडच्या बोअरच्या पाण्यात बायकार्बोनेट जास्त असतात, ते द्रावणाची आम्लता खाऊन टाकतात. सामू (पीएच) 7 कडे सरकला की औषध टाकीतच फुटू लागतं. एकदम संपत नाही. पण ऊन लागून टाकी तापली, तर दुपारपर्यंत जोर नक्की उतरतो. त्यात दुपारी थेंब पानावर लगेच वाळतात, आत कमी शिरतात. पुढच्या वेळी पाण्याचा सामू पट्टीने मोजा, सायट्रिक आम्लाने 4 ते 5 वर आणा, मग औषध घाला. तासाभरात संपेल एवढंच द्रावण करा आणि संध्याकाळी फवारा.

आता शेंडे 10 ते 15 सेंटिमीटर छाटा, म्हणजे कोवळी पानं त्यांच्यासोबत जातील. निम्म्या उघड्या झाडावर पुन्हा पूर्ण डोस दिला तर काड्याच वाळतात.

प्रश्न : कार्बाइडने पिकवलेले आंबे आणि इथिलीनने पिकवलेले आंबे, फरक काय?
– वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : कार्बाइडला ओल लागली की अॅसिटिलीन सुटतो. तो इथिलीनच्याच रिसेप्टरवर बसतो, पण फार दुबळेपणाने. म्हणून भरपूर लागतो, आणि व्यापारी कार्बाइडमधले आर्सेनिक, फॉस्फरसचे अंश फळाला लागतात. भारतात त्यावर बंदी आहे. इथिलीन वायूला 100 पीपीएमपर्यंत परवानगी आहे. घरी पिकलेलं केळं आणि कच्चे आंबे एका कागदी पिशवीत ठेवा, तेवढं इथिलीन पुरतं.

प्रश्न : माणसाच्या पेशीही वायूने निरोप देतात का?
– एक विद्यार्थिनी, पंढरपूर

उत्तर : हो, नायट्रिक ऑक्साइडने. रक्तवाहिनीच्या अस्तरातल्या पेशी तो सोडतात. काही सेकंदच टिकतो, पण तेवढ्यात शेजारच्या स्नायूपेशीत शिरून सीजीएमपी नावाचा रेणू वाढवतो आणि वाहिनी सैलावते. या शोधाला 1998 चं नोबेल मिळालं. छातीत कळ आल्यावर जिभेखाली ठेवायची नायट्रेटची गोळी हाच वायू पुरवते. सिल्डेनाफिल (वायग्रातलं औषध) सीजीएमपीचं विघटन रोखतं, म्हणून ही दोन औषधं एकत्र घेतली तर रक्तदाब जीवघेणा कोसळू शकतो. घरात कुणी नायट्रेट घेत असेल तर हे डॉक्टरांना न विचारता भीडेपोटी राहून जायला नको.