खर्ज एकाच अ‍ॅम्पमधून

आमच्या बँडमध्ये गिटारवादक एकच आहे. त्याचा सोलो सुरू झाला की मागचा आवाज रिकामा वाटतो. बेस गिटार बेस अ‍ॅम्प आणि गिटार अ‍ॅम्प अशा दोन्हींतून वाजवली तर गिटार अ‍ॅम्प खराब होईल का? (धरमपेठ)

जरूर वाजवा, फक्त खर्ज गिटार अ‍ॅम्पकडे जाऊ देऊ नका. बेसची मोकळी ई तार 41 हर्ट्झवर बोलते, गिटारची 82 वर. गिटारचा 12 इंची स्पीकर त्याहून फार खाली उतरण्यासाठी बनवलेलाच नसतो. तिथे जोर दिला की कोन, म्हणजे स्पीकरचा हलणारा पडदा, नुसताच पुढेमागे झेपावतो. कानाला फारसं काही मिळत नाही आणि कोनला हलवणारी कॉइल मात्र घासते. पाठ उघडी असलेल्या कॅबिनेटमध्ये, म्हणजे स्पीकरच्या खोक्यात, हे लवकर होतं, कारण कोनला मागून हवेचा आधार नसतो.

म्हणून गिटार अ‍ॅम्पच्या वाटेवर हाय-पास फिल्टर, म्हणजे फक्त वरचे स्वर पुढे सोडणारी चाळणी, लावा आणि साधारण 150 ते 200 हर्ट्झच्या खालचं कापा. फिल्टर नसेल तर ईक्यू पेडलचे (वेगवेगळ्या पट्ट्यांचा आवाज कमीजास्त करणाऱ्या पेडलचे) खर्जाचे स्लायडर पूर्ण खाली ओढा. डिस्टॉर्शन, म्हणजे आवाज मुद्दाम फाटका करणारा इफेक्ट, त्याच्यानंतर आणि फक्त याच बाजूला. बेस अ‍ॅम्प स्वच्छ राहू द्या. खर्ज डिस्टॉर्शनमध्ये गेला की ठोका हरवतो आणि ड्रमरला तुमचा आधार मिळत नाही. रॉयल ब्लड या दोघांच्या ब्रिटिश रॉक बँडचा बेसवादक माइक केर असाच सिग्नल वाटून बेस आणि गिटार दोन्ही प्रकारचे अ‍ॅम्प वापरतो, म्हणून ड्रम आणि बेस एवढ्यावर त्यांचा बँड भरलेला वाटतो.

बेसचा अ‍ॅम्प वेगळा, गिटारचा वेगळा ही भिंत मुळात तेवढी पक्की नाहीच. फेंडरचा बेसमन 1952 मध्ये बेससाठी आला, पण त्याच्यावर जीव जडला गिटारवाल्यांचा. मार्शलचा पहिला अ‍ॅम्प जेटीएम 45 त्याच्याच सर्किटवर उभा राहिला.

वाय केबलने (एका टोकाची दोन टोकं करणाऱ्या केबलने) दोन अ‍ॅम्प जोडले तर मोठा घूंघूं आवाज येतो. मित्र म्हणतो, एका प्लगची अर्थिंगची पिन काढ. काढू का? (सदर)

नाही. कोणत्याही कार्यक्रमासाठी, कोणत्याही घाईत नाही. तुमच्या गिटारच्या तारा अ‍ॅम्पच्या अर्थिंगला जोडलेल्या असतात. पिन काढलेल्या अ‍ॅम्पमध्ये बिघाड झाला तर 230 व्होल्ट त्या तारांवर उतरू शकतात, आणि तुमचे ओठ माइकला लागलेले असतात. गणपतीच्या मंडपात, पावसाने ओल्या झालेल्या स्टेजवर हा विचारही नको.

आवाज येतो तो ग्राउंड लूपचा, म्हणजे दोन अ‍ॅम्पची अर्थिंग आणि केबल मिळून झालेल्या वेटोळ्याचा. आपली वीज 50 हर्ट्झची, म्हणजे बेसच्या सर्वांत खालच्या जी स्वराला जवळजवळ चिकटूनच. म्हणून तो इतका खुपतो. आधी दोन्ही अ‍ॅम्प एकाच बोर्डावर घ्या. आपल्याकडे बहुतेकदा एक अ‍ॅम्प हॉलच्या सॉकेटवर आणि दुसरा जनरेटरवर असतो, तिथेच घोळ होतो. तरीही आवाज राहिला तर एका आऊटपुटला आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर (सिग्नल जाऊ देऊन अर्थिंगची जोडणी तोडणारा) असलेला स्प्लिटर, म्हणजे सिग्नल दोन वाटांना देणारी पेटी, घ्या. वाय केबलवरचा खर्च वाचवून इथे करा.

दोन्ही अ‍ॅम्प वेगवेगळे छान वाजतात. एकत्र लावले की आवाज पातळ होतो. (प्रतापनगर)

एक अ‍ॅम्प सिग्नल उलटा करत असणार. एकाचा कोन बाहेर येतो तेव्हा दुसऱ्याचा आत जातो आणि दोघं एकमेकांना खोडतात. स्प्लिटरवर फेजचं (सिग्नल उलटा करण्याचं) बटण असेल तर दाबून पाहा. ज्या बाजूला आवाज भरतो, ती बरोबर. फिल्टरसुद्धा फेज हलवतो, तेव्हा तो लावल्यावर पुन्हा तपासा. अंतराचाही हिशेब आहे : 200 हर्ट्झच्या ध्वनिलहरीची लांबी सुमारे 1.7 मीटर, म्हणजे एक अ‍ॅम्प 85 सेंटीमीटर मागे गेला की समोर बसलेल्याला तेवढा भाग खोडला जातो. दोन्ही शेजारी, एका रेषेत ठेवा.

घरी फक्त गिटारचा 15 वॅटचा अ‍ॅम्प आहे. बेसचा सराव करू? (मनीषनगर)

करा. बेसचं बटण कमी, आवाज हळू. कोन फडफडल्यासारखा वाटला की लगेच खाली.

बेस अ‍ॅम्पच्या हेडला (स्पीकर नसलेल्या अ‍ॅम्पच्या पेटीला) बेस आणि गिटार अशी दोन कॅबिनेट लावली तर? (महाल)

मग दोघांनाही पूर्ण खर्ज जातो, म्हणून मी लावणार नाही. शिवाय 8 ओहमची दोन कॅबिनेट समांतर जोडली की 4 ओहम होतात. तुमच्या हेडला ते चालतं का, मागच्या पाटीवर वाचा. आणि दोन अ‍ॅम्पचे स्पीकर आऊट एकाच कॅबिनेटला कधीही एकत्र जोडू नका. दोन्ही अ‍ॅम्प जळू शकतात.