जगातल्या सगळ्यात पॉप्युलर बिअर कोणत्या आणि त्यांच्यात नेमका फरक काय?

खपाच्या हिशोबाने बघितलं तर नंबर एकला चीनची स्नो, पण ती जवळपास सगळी चीनमध्येच संपते त्यामुळे बाहेर फारसं कुणाला नावही माहीत नसतं. बाकी नेदरलँड्सची हायनेकेन, अमेरिकेची बडवायझर, मेक्सिकोची कोरोना ही नावं सगळीकडे दिसतात आणि खरं सांगू का, तिन्ही एकाच घराण्यातल्या, फिकट लागर, म्हणजे कमी तापमानात सावकाश आंबवलेली सोनेरी बिअर. बडवायझरमध्ये बार्लीसोबत तांदूळ पण असतो म्हणून ती एवढी हलकी लागते. या घराण्याची आजी म्हणजे चेक देशातली पिल्सनर उर्केल, १८४२ ची, कडवटपणा जरा जास्त पण माझ्या मते चवीला या तिघींपेक्षा कितीतरी सरस.

वेगळं काही हवं असेल तर आयर्लंडची गिनेस. तिचा काळा रंग बघून लोक घाबरतात, वाटतं फार स्ट्राँग असेल, पण ड्राफ्ट गिनेसमध्ये अल्कोहोल ४ टक्क्यांच्या आसपासच, रंग येतो तो भाजलेल्या बार्लीमुळे. त्यात कार्बन डायऑक्साइडसोबत नायट्रोजन असतो म्हणून फेस एकदम सायीसारखा, आणि ओतल्यावर ग्लासच्या कडेने बुडबुडे चक्क खाली जाताना दिसतात! कॅन रिकामा झाल्यावर आत काहीतरी खुळखुळतं ना, तो प्लास्टिकचा छोटा बॉल असतो, कॅन उघडताच त्यातून नायट्रोजन सुटतो आणि फेस तयार होतो.

जर्मनीची गव्हाची बिअर पण भारी, केळं-लवंगेसारखा वास येतो, वरून काही घातलेलं नसतं हां, ती सगळी यीस्टची करामत.