परतीची बांधाबांध जाण्याआधीच

तुझं पत्र मिळालं. एप्रिलपासून जपानमधल्या ओकायामाच्या एका शाळेत सहायक इंग्रजी शिक्षिका म्हणून रुजू व्हायचंय, तर सामान काय न्यावं, हाताशी पैसे किती असावेत, आणि अगदी शेवटी, जाता जाता विचारल्यासारखं, "ताई, परत येताना काही त्रास झाला का?" पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं तुला रानडे इन्स्टिट्यूटमध्ये जपानीच्या वर्गाबाहेर उभं असलेलं कुणीही देईल. तिसऱ्याबद्दल मात्र फारसं कुणी बोलत नाही. म्हणून मी तिथूनच सुरुवात करते, कारण परतताना जो मनस्ताप होतो त्याचं मूळ बहुतेक वेळा पहिल्या महिन्यात असतं.

आधी मार्च महिना समजून घे. तिकडे शाळेचं वर्ष, सरकारचं आर्थिक वर्ष आणि बऱ्याच कंपन्यांचं वर्षही ३१ मार्चला संपतं. म्हणजे तू घर सोडणार त्याच पंधरवड्यात सगळा देश बदल्या आणि घरबदल करत असतो. सामान हलवणारे मिळत नाहीत, मिळाले तर दर चढे. मोठ्या कचऱ्याचं तर विचारूच नकोस. 'सोदाइ गोमी' म्हणजे गादी, टेबल, सायकल असलं सामान. गच्चीवरून भंगारवाल्याला हाक मारली आणि वर चार पैसेही सुटले, अशी तिथे सोय नाही. पालिकेत नोंदणी करायची, तारीख घ्यायची, दुकानातून ठरलेल्या किमतीचं स्टिकर आणून वस्तूवर चिकटवायचं आणि त्या दिवशी सकाळी सांगितलेल्या जागी नेऊन ठेवायचं. मार्चमध्ये या तारखा भराभर भरतात. फेब्रुवारीतच घेऊन टाक. फ्रिज, टीव्ही, वॉशिंग मशीन आणि एसी या चार वस्तू तर अशा टाकताच येत नाहीत. २००१ पासून त्यांच्यासाठी वेगळा कायदा आहे आणि पुनर्वापराचा खर्च टाकणाऱ्याने द्यायचा. जुना फ्रिज नेण्यासाठी आपणच पैसे मोजायचे, हे सदाशिव पेठेत वाढलेल्या माणसाच्या पचनी पडायला वेळ लागतो.

त्यामुळे तुझ्या आधीची शिक्षिका "माझं सगळं सामान तुलाच ठेव" म्हणाली तर हुरळून जाऊ नकोस. जरूर घे, पण काय काय घेतलं ते लिहून ठेव, आणि तुझ्यानंतर येणाऱ्या व्यक्तीला ते तसंच देता येईल का, हे तुला नेमणाऱ्या तिथल्या शिक्षण मंडळात आधीच विचार. माझा फ्रिज कितीतरी शिक्षकांच्या हातून फिरत आला होता आणि माझ्या हातून पुढे गेला. त्याच्या दारावर आतल्या बाजूला प्रत्येकाने आपल्या भाषेत काहीतरी खरडलेलं होतं. मी मराठीत लिहिलं, 'डीफ्रॉस्ट करत जा.' निरोपाच्या सेलबिलच्या भानगडीत पडण्यापेक्षा हे कितीतरी बरं. शेवटच्या आठवड्यात अनोळखी माणसांशी पाचशे येनवरून घासाघीस करायला वेळही नसतो आणि जीवही नसतो.

घराचं. सोडण्याची सूचना किती आधी द्यायची ते करारात लिहिलेलं असतं, साधारण एक महिना. ओकायामाला पोचलीस की बॅगा उघडण्याआधी रिकाम्या घराचे फोटो काढ: भिंती, जमीन, गॅसच्या वरचा पंखा, बाथरूमचे कोपरे. जपानच्या नागरी कायद्यात १ एप्रिल २०२० पासून स्पष्ट लिहिलंय की नेहमीच्या वापराने झालेली झीज भाडेकरूच्या माथी मारता येत नाही. उन्हाने फिकटलेला वॉलपेपर, कपाटाच्या पायांचे जमिनीवर उमटलेले खळगे, हे मालकाकडे. पण हळदीचे डाग तुझ्याकडे! सोडण्याच्या दिवशी एजन्सीचा माणूस घर बघायला येतो. माझ्याकडे आलेला माणूस अतिशय नम्र होता. बूट काढून, पायमोजे नीट करून आत आला, कमरेत वाकला, आणि मग टॉर्च काढून थेट चिमणीखाली गेला. जाळीवरून त्याने एक बोट फिरवलं आणि ते बोट बराच वेळ बघत राहिला. रोजच्या फोडणीचा थर त्यांच्या हिशोबात 'नेहमीचा वापर' नसतो, ती साफसफाईतली हयगय धरली जाते आणि अनामतीतून कापली जाते. मी आदल्या रात्री जाळी सोड्याच्या गरम पाण्यात भिजवून घासली होती, म्हणून वाचले. तू पहिल्या दिवसापासून भिंतीला तेल अडवणारा फॉइलचा पडदा लाव. शंभर येनच्या दुकानात मिळतो. पांढऱ्या ओट्यावर हळदीचा डबा उघडा ठेवू नकोस.

आता पैसे. इथे नीट लक्ष दे.

पहिल्या वर्षी पगार छान वाटेल. कारण 'जुउमिनझेइ' हा रहिवासी कर आदल्या वर्षीच्या उत्पन्नावर असतो आणि आदल्या वर्षी तू पुण्यात होतीस. दुसऱ्या वर्षी जूनपासून तो पगारातून जायला लागतो आणि हातात येणारी रक्कम एकदम खाली येते. बिचारे नवे शिक्षक घाबरून ऑफिसात विचारायला जातात. परतताना हेच उलट अंगावर येतं. १ जानेवारीला तू तिथली रहिवासी होतीस ना, मग त्या वर्षीचा कर तुला लागू, मार्चमध्ये कायमची निघालीस तरी. चालू वर्षाचे मेपर्यंतचे हप्ते शेवटच्या पगारातून एकरकमी कापले जातात, आणि जूनमध्ये नवीन बिल निघतं तेव्हा तू कोथरूडला आंबे खात असतेस. यासाठी 'नोझेइ कानरिनिन' नेमायचा, म्हणजे तुझ्या वतीने कर भरणारी, जपानमध्ये राहणारी व्यक्ती. शाळेतली एखादी विश्वासाची सहकारी चालते. तिच्याकडे अंदाजे रक्कम देऊन ठेवायची. पालिकेत एक फॉर्म आणि राष्ट्रीय करासाठी कर कार्यालयात दुसरा, दोन्ही जाण्याआधी भरायचे.

ही व्यक्ती पेन्शनसाठीही लागते. पगारातून 'कोसेइ नेनकिन', म्हणजे नोकरदारांच्या पेन्शनचा हप्ता, कापला जाईल. किमान सहा महिने भरलं असेल तर जपान सोडल्यावर दोन वर्षांच्या आत अर्ज करून एकरकमी परतावा मिळतो. भारतातून पोस्टाने अर्ज करता येतो. त्यातून २०.४२ टक्के कर कापूनच पैसे येतात, आणि हा कापलेला कर परत मागायला पुन्हा तोच कानरिनिन. पण घाई करू नकोस. भारत आणि जपान यांच्यात सामाजिक सुरक्षेचा करार १ ऑक्टोबर २०१६ पासून लागू आहे. त्यामुळे दोन्हीकडची पेन्शनची वर्षं जोडून पात्रता मोजता येते. एकदा परतावा घेतलास की जपानची वर्षं पुसली. पुन्हा तिकडे जायचा किंवा लग्नानंतर तिकडेच राहायचा थोडा जरी विचार असेल तर थांब, दोन वर्षं हातात आहेत. माझा परत जायचा बेत नव्हता, मी घेतले.

बाकी कागदांचा क्रम सांगते. निघण्याच्या आधीच्या चौदा दिवसांत पालिकेत 'तेनशुत्सु तोदोके', म्हणजे गाव सोडल्याची नोंद. मग वीज, गॅस, पाणी बंद करायचं. बँकेचं खातं त्यानंतर, आणि तेही शेवटचा पगार नेमका कधी जमा होतो हे विचारून. फोन सगळ्यात शेवटी, कारण प्रत्येक ठिकाणी ओटीपी त्याच नंबरवर येतो. राहण्याचं ओळखपत्र विमानतळावर दाखवायचं. ते भोक पाडून परत देतात.

यातलं जमेल तेवढं मार्चच्या मध्यापर्यंत उरकायचा आग्रह मी का धरतेय? कारण शेवटचे दहा-बारा दिवस माणसांचे असतात, आणि तिथले निरोप ठरलेल्या वेळीच होतात. आपल्याकडे निघालेल्या पाहुण्याशी जिन्यात अर्धा तास गप्पा चालतात, तसं तिथे नाही. कार्यक्रम चुकला की चुकला. शिक्षकांचं निरोपाचं जेवण असतं. मग 'रिनिनशिकी': शाळा सोडणारे सगळे शिक्षक व्यासपीठावर रांगेत उभे राहतात, मुलं समोर, प्रत्येकाने दोन मिनिटं बोलायचं, फुलं घ्यायची, आणि टाळ्यांच्या मधून चालत बाहेर पडायचं. भाषण जपानीतच कर, व्याकरण चुकलं तरी चालेल. पाठ कर, कारण कागदावरची अक्षरं त्या वेळी दिसत नाहीत.

वर्गाकडून 'शिकिशी' मिळेल, चौकोनी जाड पुठ्ठा, मधे तुझं नाव आणि भोवती प्रत्येकाच्या दोन ओळी. माझ्यावर मागच्या बाकावरच्या एका मुलीने लिहिलं होतं, "इंग्रजी अजूनही आवडत नाही. तास आवडायचा." मला मिळालेलं सर्वात प्रामाणिक प्रशस्तिपत्र. मुलांशी खासगी संपर्क ठेवायला बहुतेक शाळा परवानगी देत नाहीत, तेव्हा नंबर-बिंबर देऊ नकोस. वर्गाला उद्देशून एक पत्र लिही आणि ते वर्गशिक्षकांच्या हातात दे.

शिक्षककक्षात प्रत्येकाच्या टेबलावर जाताना काहीतरी गोडधोड ठेवायची पद्धत आहे. नियम एकच, प्रत्येक नग वेगळ्या पाकिटात हवा. मोठा डबा उघडून "घ्या ना, घ्या" म्हणत फिरणं तिथे चालत नाही. आईकडून बाकरवडीची छोटी पाकिटं मागवून ठेव. मुख्याध्यापकांना तर सगळेच देतात. तू दुपारच्या जेवणाच्या स्वयंपाकघरातल्या बायकांना आणि शाळेच्या देखभालीच्या काकांना विसरू नकोस. आमच्या काकांनी माझी सायकल किती वेळा दुरुस्त केली असेल. त्यांनी पाकीट तिथल्या तिथे उघडलं, एक तोंडात टाकली, डोळे मोठे केले आणि बिअरबरोबर चालेल का, असं गंभीरपणे विचारलं. चालेल म्हटलं.

आता सामान, थोडक्यात. तिथे वीज १०० व्होल्ट, आपल्याकडे २३०. म्हणून इथला मिक्सर नेऊ नकोस, आणि तिथला लाडका राइस कुकर मोठा ट्रान्सफॉर्मर घेतल्याशिवाय आणू नकोस. प्रेशर कुकर ने, पण घरात गॅस आहे की इंडक्शन ते विचारून. साधा ॲल्युमिनियमचा इंडक्शनवर तापत नाही. पुस्तकं परतताना बोटीच्या टपालाने पाठव, दोन-तीन महिने लागतात पण विमानापेक्षा पुष्कळ स्वस्त. जड बॅगा 'ताक्क्युबिन'ने, म्हणजे तिथल्या कुरियरने, दोन-तीन दिवस आधी थेट ओसाकाजवळच्या कान्साइ विमानतळावर पाठवता येतात, म्हणजे शिनकानसेनमध्ये, बुलेट ट्रेनमध्ये, हात मोकळे. सुरुवातीच्या पैशांचं म्हणशील तर अनामत, घरमालकाला द्यायची, परत न मिळणारी 'रेइकिन', दलाली, विमा आणि आगाऊ भाडं मिळून चार-पाच महिन्यांच्या भाड्याएवढी रक्कम एकदम जाते. पहिला पगार यायलाही वेळ लागतो. घर मंडळाकडून मिळत असेल तर यातलं बरंच वाचेल, ते आधी विचार.

पुण्याकडची एक गोष्ट राहिली. सीबीएसईच्या शाळा एप्रिलमध्ये सुरू होतात, राज्य मंडळाच्या जूनच्या मध्यावर. म्हणजे ३१ मार्चनंतर येऊन नोकरी शोधायची म्हटलं तर पहिल्या प्रकारच्या जागा भरलेल्या असतात. मुलाखती तिथूनच फेब्रुवारीत दे. अनुभवाचा दाखला नोकरीवर असतानाच इंग्रजीत मागून घे, त्यावर शिक्का, आठवड्याचे तास आणि शिकवलेल्या इयत्ता हव्यात. नुसतं 'इथे काम करत होती' एवढं लिहिलेलं कुणी धड वाचत नाही. आणि पहिले सहा महिने नातेवाईक "परत का आलीस?" विचारतील. काहीही उत्तर दिलंस तरी ते आधीच ठरवून बसलेले असतात, त्यामुळे फार विचार करू नकोस.

नेमणुकीचा आणि घराचा, दोन्ही करार हातात आले की सही करण्याआधी मला दाखव. रविवारी सकाळी मी मोकळी असते. घर सोडण्याची कलमं आपण आधी वाचू, पगाराचं नंतर.