नागपुरात मातीच्या मैदानावर हॉकी शिकणारा १२ वर्षांचा मुलगा ऑलिम्पिकपर्यंत जाऊ शकतो का?

जाऊ शकतो, पण पुढच्या एक-दोन वर्षांत त्याला टर्फचा, म्हणजे कृत्रिम गवताच्या मैदानाचा, नियमित सराव मिळाला तरच. धनराज पिल्ले (जन्म १९६८) पुण्याजवळच्या खडकीत मातीवरच घडले आणि बार्सिलोना १९९२ ते अथेन्स २००४ असे सलग चार ऑलिम्पिक खेळले. पदक एकदाही नाही. १९९८ च्या बँकॉक आशियाई स्पर्धेत मात्र त्यांच्या नेतृत्वाखाली सुवर्ण आलं. त्यांचं उदाहरण धीर द्यायला ठीक आहे, वेळापत्रक म्हणून घेऊ नका.

खरी अडचण चेंडू अडवण्याची. मातीवर तो कसाही उसळतो, म्हणून मुलं ताठ उभी राहून स्टिक सरळ धरतात. पाणी मारलेल्या टर्फवर चेंडू जमिनीलगत सुसाट येतो. तिथे गुडघे वाकवून स्टिक जवळजवळ आडवी टेकवावी लागते. उभं राहण्याची सवय सोळा-सतराव्या वर्षी मोडणं फार जड जातं. मातीवर शिकलेलं ड्रिबलिंग (स्टिकने चेंडू पुढे नेणं) मात्र वाया जात नाही.

आत्ता एवढं बघा:
- स्टिक कमरेच्या हाडापर्यंत. ड्रॅग फ्लिकसाठी (चेंडू स्टिकने ओढत गोलकडे भिरकावण्यासाठी) लो-बो, म्हणजे खालच्या टोकाजवळ बाक असलेली, स्टिक लगेच घेऊ नका, तिने साधा फटकाही हवेत उडतो.
- टर्फवर लांब स्टडचे फुटबॉल बूट नकोत. बारीक रबरी दाण्यांचे घ्या.
- मे महिन्यात सराव सकाळी सातच्या आत. कोरड्या तापलेल्या टर्फवर पडलं की गुडघे सोलतात.

मुलगा गोलकीपर असेल तर थांबायलाही वाव नाही, कारण पॅडवर घसरत जाऊन अडवणं मातीवर नीट शिकताच येत नाही.