पास घरी विसरलेल्या माणसाशी तिकीट तपासनीस चोरासारखे का वागतात?

मी बरीच वर्षं तिकीट तपासनिसाची नोकरी केली आहे, म्हणून उत्तर देतो. तुम्ही लिहिलंय की महिन्याचा पास काढलेला होता, तो घरी राहिला, दंड भरायला तुम्ही तयार होतात, तरी भरल्या डब्यात तुम्हाला नको ते ऐकवलं गेलं. हे व्हायला नको होतं. नियमात दंड लिहिलेला असतो, चारचौघांत पाणउतारा करा असं कुठेही लिहिलेलं नसतं.

काही माणसं मुळातच उद्धट असतात, ते सोडून देऊ. त्याहून मोठी अडचण अशी की बऱ्याच ठिकाणी संध्याकाळी साहेब एकच विचारतो, आज केसेस किती? पास विसरलेला माणूस आणि रोजचा फुकट्या, दोघांची पावती त्या आकड्यात सारखीच धरली जाते. आता यातली सोपी केस कुणाची? तुमच्यासारख्याची. तुम्ही जागेवर थांबता, खरं नाव सांगता, पैसे देता. मुरलेला फुकट्या आमचं पथक लांबून ओळखतो आणि दुसऱ्या दारानं उतरून जातो. त्यामुळे सगळा कडकपणा नेमका प्रामाणिक माणसाच्या वाट्याला येतो. मला याचा तेव्हाही राग यायचा, आजही येतो.

यावर उपाय नाही असं नाही. जर्मनीत विनातिकीट प्रवासाला ६० युरो दंड आहे. पण स्वतःच्या नावाचा पास त्या वेळी जवळ नव्हता आणि आठवड्याच्या आत तो नेऊन दाखवला, तर जास्तीत जास्त ७ युरो भरावे लागतात. अशी सोय असली की तपासनिसालाही आवाज चढवायची गरज उरत नाही. तो पावती फाडतो, कार्यालयाचा पत्ता देतो आणि पुढच्या बाकाकडे जातो. माणूस खरं बोलतोय की खोटं, याचा निवाडा धावत्या गाडीत करायची जबाबदारीच त्याच्यावर येत नाही.

अर्थात त्याच जर्मनीत १९३५ पासूनच्या एका कलमानुसार फुकट प्रवास हा फौजदारी गुन्हाही आहे, आणि न्यायालयानं ठोठावलेला दंड भरता न आलेली गरीब माणसं त्यापायी तुरुंगात जातात. इंग्लंडमध्ये तर रेल्वे कंपन्यांनी तिकिटाचे खटले चुकीच्या झटपट पद्धतीनं चालवले होते. २०२४ च्या ऑगस्टमध्ये तिथल्या मुख्य दंडाधिकाऱ्यांनी ते बेकायदा ठरवले आणि सुमारे ७४ हजार शिक्षा रद्द होण्याचा मार्ग मोकळा झाला. भाडं थकवणं आणि गुन्हा करणं यातली रेघ कायद्यानंच पुसली, तर डब्यातला कर्मचारी ती कशी पाळणार?

कर्मचाऱ्यांची बाजूही सांगायला हवी. या कामात शिव्या रोजच्या असतात आणि मारहाणही होते. त्यामुळे नवीन पोरं पहिल्या वाक्यापासूनच दरडावून बोलायला शिकतात, तेवढाच धाक राहील म्हणून. अनुभव उलटा आहे. पहिलं वाक्य शांत असलं की बहुतेक भांडणं सुरूच होत नाहीत. मी डब्याच्या एका टोकापासून ओळीनं तपासत जायचो, कुणालाही न वगळता. कपडे, भाषा किंवा चेहरा पाहून माणूस निवडला की तो अपमान तिकीट मागण्याआधीच झालेला असतो. तिकीट नसलेल्याला मी दाराजवळ बाजूला बोलवायचो आणि पैशाचं बोलणं तिथेच करायचो.

पुन्हा असा प्रसंग आला तर आवाज न चढवता ओळखपत्र दाखवायला सांगा. पावती घेतल्याशिवाय एक पैसाही देऊ नका. पास आहे पण जवळ नाही, हा शेरा पावतीवर लिहून मागा, कारण पुढे अपील करताना तोच उपयोगी पडतो. तक्रार करताना तारीख, वेळ, गाडी आणि बिल्ल्यावरचा क्रमांक द्या, आणि बोललेले शब्द जसेच्या तसे लिहा. नुसतं ‘वाईट वागले’ असं लिहिलेला कागद फाइलमध्ये पडून राहतो. नेमके शब्द लिहिले असतील तर त्या माणसाला बोलावून जबाब घ्यावा लागतो.